हाताचा अंदाज

"तो पट्टा काढून ठेव," कुशाबा म्हणाला. "बकलवाला पट्टा कंपनीत चालत नाही."

हितेंद्र कमरेला हात लावून उभा राहिला. "मग पँट कशाने धरू, बाबा?"

"नाडी बांध. बोनेटवर वाकलास आणि बकल घासलं, की गाडीला ओरखडा. पहिल्याच दिवशी घरी."

शेजारच्या खोलीतल्या जाईबाई दारात भाजी निवडत बसल्या होत्या. त्या हसायला लागल्या. "जर्मन गाडीला नाडीवाला मेकॅनिक! शेवंती असती तर हसून हसून लोळली असती."

बायकोचं नाव निघालं तसा कुशाबा उठून चहाचं आधण बघायला गेला. तिला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हितेंद्रची चाचणी होती. जर्मन गाड्यांच्या त्याच डीलरच्या वर्कशॉपमध्ये कुशाबाची उमेदीची वर्षं गेली होती. शेवंतीचं दुखणं वाढलं तेव्हा त्याने नोकरी सोडली आणि डिलाईल रोडच्या ह्या खोलीत तिच्या उशाशी बसून राहिला. हितेंद्र रे रोडच्या एका गॅरेजात टॅक्सी दुरुस्त करायचा. पोराने कंपनीत लागावं असं आई सारखं म्हणायची. आता बोलावणं आलं होतं. मुंबईच्या वर्कशॉपमध्ये जागा रिकामी नव्हती. पास झाला तर डीलरच्या नागपूरच्या वर्कशॉपला जायचं होतं.

"हा गेल्यावर तू काय करणार रे कुशाबा?" जाईबाईंनी विचारलं. "ह्याला यायला जरा उशीर झाला तरी तू ताट झाकून उपाशी बसतोस."

"होईल सवय."

"होतेय! माझा बघून बघून जीव जातो."

"तिकडे खोली मिळाली की बाबांना घेऊन जातो मी," हितेंद्र म्हणाला.

"मी ही खोली सोडणार नाही," कुशाबा म्हणाला. "ती इथे गेली."

जाईबाई भाजीची परात उचलून आपल्या खोलीत गेल्या.

चहा पिताना कुशाबाने पोराला समोर बसवलं. "नीट ऐक. अत्तर-बित्तर लावून जाऊ नकोस, गाडीत वास राहतो. बसायच्या आधी सीटवर कव्हर टाक. सीट सरकवलीस तर होती तिथेच परत आण. साहेब लोकांच्या पायाला लगेच कळतं. रेडिओला हात लावायचा नाही. आणि एखादी गोष्ट येत नसेल तर येत नाही म्हणून सांग. थापा मारणारा त्यांना आवडत नाही."

"आणि काम काय देतील?"

"सर्व्हिस देतील. ब्रेक उघडायला लावतील. चाक काढून परत बसवायला लावतील."

"चाक तर डोळे मिटून बसवेन."

कुशाबा कपातल्या चहाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बोल्ट हाताने आवळ. साध्या पान्याने. तिथे टॉर्क रेंच ठेवलेला असेल, त्याला हात लावू नकोस."

टॉर्क रेंच म्हणजे ठरलेला जोर लागला की कट् वाजणारा पाना. हितेंद्रला नवल वाटलं. "आयटीआयमध्ये तर तोच लावायला शिकवला."

"तो शिकाऊ पोरांसाठी. ज्याला हाताचा अंदाज आहे त्याला कट् कशाला ऐकायला लागतं? ते मुद्दाम बघतात, ह्याचा हात पक्का आहे की नाही."

"बरं."

"आणि माझं नाव सांगू नकोस. वशिल्याने आला म्हणतील. स्वतःच्या हिमतीवर लाग."

"लागतो बघा," हितेंद्र म्हणाला. कुशाबाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणानंतर त्याने असं कधी केलं नव्हतं.

सकाळी वर्कशॉपमध्ये साळसकर सरांनी उमेदवारांना रांगेत उभं केलं. पिकलेल्या केसांचा, कमी बोलणारा माणूस. त्यांतल्या दोघांच्या कमरेला पट्टे होते. सरांनी त्यांना ते तिथेच काढायला लावले. हितेंद्रची नाडी बघून ते किंचित हसले. "शहाणा आहेस."

त्याने सीटवर कव्हर टाकलं. सरांनी मान हलवली. गाडीच्या कॉम्प्युटरवर एक खूण दिसली, ती त्याला कळली नाही. "हे मला येत नाही, सर," तो म्हणाला. सर म्हणाले, "चांगलं. ते शिकवता येतं."

बाबांचं एकेक सांगणं खरं ठरत होतं. हितेंद्रला आईची आठवण आली. संध्याकाळी बाबांनी आणि आपण मिळून तिच्या फोटोसमोर सांगायचं, असं त्याने मनात ठरवूनही टाकलं.

ब्रेक तपासून झाले. चाक चढवून त्याने बोल्ट बसवले. टॉर्क रेंच शेजारच्या ट्रॉलीवर होता. त्याने साधा पाना उचलला आणि एकेक बोल्ट हाताच्या अंदाजाने दाबून आवळला.

"झालं, सर."

"रेंच लावायचा राहिला."

"गरज नाही सर. हाताला कळतं."

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "खाली ठेव पाना. तुझी चाचणी संपली."

"सर, परत लावतो ना. एक मिनिट फक्त."

"विसरला असतास तर परत लावायला दिला असता. तू तर गरजच नाही म्हणतोस. रस्त्यात चाक निघालं की आतली माणसं मरतात. अशा माणसाला मी गाडीखाली उभा करत नाही." ते पुढच्या उमेदवाराकडे वळले. मग थांबले. "कोणी शिकवलं तुला हे?"

नाव सांगायचं नाही, असं बाबांनी बजावलं होतं. पण आता लपवून काय उपयोग होता?

"माझ्या बाबांनी, सर. ते इथेच होते. कुशाबा गमरे."

साळसकर सर मागे फिरले. "गमरेमास्तरांचा मुलगा तू?"

"हो सर."

"आणि त्यांनी सांगितलं, हाताने आवळ म्हणून?"

"हो सर. कालच सांगितलं."

साळसकर सरांनी त्या चाकावर हात ठेवला.

"मी इथे नवीन होतो तेव्हा एकदा असेच हाताने बोल्ट आवळले होते," ते हळू आवाजात म्हणाले. "तुझ्या बाबांनी मला तिथल्या तिथे घरी पाठवलं होतं."