कड़ी से कड़ी शिक्षा

"इसमें ग़लत क्या है, भिया?" शिक्षा विभागातल्या शालिग्राम बाबूंनी कागद टेबलावरून पुढे सरकवला. "आपने जो माँगा, वही तो दिया."

मार्तंड हुपरीकरांनी तो आदेश पुन्हा वाचला. देवासच्या कारखान्यात वीस वर्षं मशीनवर काढून त्यांचे कान जरा गेले होते, पण डोळे शाबूत होते. तारीख होती सतरा जानेवारी दोन हजार आठ. खाली त्यांच्या मुलीच्या, वेदिकाच्या वर्गातल्या तीन मुलांची नावं आणि एक ओळ : तीनों बालकों को विद्यालय में प्रतिदिन एक घंटा कंप्यूटर की अतिरिक्त शिक्षा दी जाए.

कंप्यूटरची! ज्या पोरट्यांनी कंप्यूटरवर बसूनच हा उपद्व्याप केला, त्यांना रोज आणखी एक तास कंप्यूटर. शाळेच्या खर्चानं, सरकारच्या शिक्क्यानं.

डबा खाताना मोबाइलवर चोरून काढलेला वेदिकाचा फोटो, त्याला दोन शिंगं, आणि इंटरनेटवर 'भूतनी वेदिका' नावाचं पान. तिथे रोज कोणी ना कोणी काहीबाही लिहून जायचं. वर्ग पंचेचाळीस मुलांचा, आणि पानाचे सभासद एकशे बारा. त्यात गुड्डीचंही नाव होतं, वेदिकाच्याच बाकावर बसणाऱ्या गुड्डीचं. ते नाव दिसलं त्या दिवसापासून वेदिका शाळेत गेली नव्हती. आज बाविसावा दिवस. दहावीची परीक्षा सहा आठवड्यांवर आली होती, आणि हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, असं शाळेनं पत्रानं कळवलं होतं. बाकी कशाचं उत्तर न देणारी शाळा एवढ्या एका बाबतीत मात्र तत्पर निघाली.

वेदिका शेजारच्या खुर्चीत बसली होती. गाडीवर तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा तिनं आत आल्यावरही सोडला नव्हता.

"अहो, मी शिक्षा मागितली होती, शिक्षा!" हुपरीकर मराठीतच ओरडले आणि मग हिंदीवर आले. "मैंने इन लड़कों को शिक्षा देने को लिखा था!"

"वही तो दी है."

"ये वाली नहीं! कड़ी वाली!"

शालिग्राम बाबूंनी फाइल उघडली आणि हुपरीकरांचाच अर्ज त्यांना वाचून दाखवला. "'दोषी बालकों को कड़ी से कड़ी शिक्षा दी जाए.' अब कड़ी का तो हमको भी समझ में नहीं आया. साहब से पूछा. साहब बोले, कंप्यूटर लिख दो, वो कड़ा विषय है."

दुपट्ट्याआडून हळूच आवाज आला. "बाबा, हिंदीत शिक्षा म्हणजे पढाई. तुम्हाला सज़ा लिहायचं होतं."

"मग आधी नाही सांगायचं?"

"तुम्ही मला दाखवलंच कुठे?"

खरं होतं. तिला ते सगळं पुन्हा वाचावं लागू नये म्हणून त्यांनी कारखान्याच्या कँटीनमध्ये बसून एकट्यानंच अर्ज खरडला होता. आता त्यांना स्वतःचीच भयंकर चीड आली. वीस वर्षं या गावात राहून, भाजीवालीपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांशी हिंदीत भांडून, नेमका एक शब्द घरचा, मराठीचा पडला. आणि त्या शब्दानं पोलीस ठाण्यातल्या मुंशीची केवढी सोय केली! "कानून है, क्यों नहीं है," तो म्हणाला होता. "सन दो हज़ार का है. पर उसमें धारा अश्लील फोटो की है. बिटिया तो पूरी यूनिफॉर्म में टिफिन खा रही है. कौन सी धारा लगाऊँ?" मग अर्जाच्या शेवटी त्याला शिक्षा हा शब्द दिसला, त्याचा चेहरा खुलला आणि अर्ज शिक्षा विभागात येऊन पडला.

"ठीक है, ग़लती मेरी," हुपरीकर म्हणाले. "शिक्षा नहीं, सज़ा. अब सज़ा दो."

"सज़ा हमारे यहाँ नहीं मिलती, भिया. उसके लिए थाने जाओ."

"थानेवालों ने ही तो इधर भेजा!"

"तो फिर शिक्षा ही मिलेगी." शालिग्राम बाबूंच्या आवाजात राग नव्हता, कुचेष्टाही नव्हती. त्यांनी अर्ज वेदिका आणि हुपरीकरांच्या मधे ठेवला. "चाहो तो इसी में सुधार कर दो. जो काटना है काटो, बाजू में दस्तखत कर दो."

हुपरीकरांनी पेन उघडलं. शिक्षा खोडून सज़ा लिहिलं तर अर्ज ठाण्यात जाणार. ठाण्यात लावायला कलम नाही, म्हणजे पुन्हा इकडे येणार. तोवर सहा आठवडे कुठल्या कुठे जातील. पेन कागदावर टेकलेलंच राहिलं आणि शाईचा ठिपका पसरत गेला.

वेदिकानं त्यांच्या हातातून पेन घेतलं. दुपट्टा हनुवटीखाली ओढला. 'दोषी बालकों को कड़ी से कड़ी' एवढे शब्द तिनं एका रेघेनं खोडले, वर एकच शब्द लिहिला आणि बाजूला सही केली. मग कागद शालिग्राम बाबूंकडे दिला.

त्यांनी वाचलं आणि खूश झाले. "हाँ! अब बिलकुल सही है. अब ये हमारे विभाग का मामला है." त्यांनी धाडकन शिक्का मारला. "पिताजी के भी दस्तखत लगेंगे."

हुपरीकरांनी कागद जवळ ओढला. खोडाखोडीतून आता एवढंच वाक्य उरलं होतं : मुझे शिक्षा दी जाए.

त्यांनी ते आधी मराठीत वाचलं.