सावळारामच्या बंदुकीचा नेम

गोळी पुन्हा डावीकडेच गेली. जिव्यानं सागाच्या खोडावर चुन्याचा ठिपका लावला होता. साल उडाली ती शेजारच्या झाडाची.

"बघितलंस वयनी? मी काय खोटं बोलत व्हतो?" जिव्या म्हणाला. "ही बंदूक अशीच हाय. नेम धरतच न्हाय."

देवकी खांदा चोळत उभी राहिली. टेकडीखाली वडप्याच्या गोदामांकडे ट्रक वळत होते. बार तिथवर ऐकू गेलाच, तर टायर फुटला असं समजून कुणी मान वर करत नसे.

बंदूक ठासणीची होती, देवकीच्या नवऱ्याची, सावळारामची. नळीत आधी दारू ओतायची, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजानं आत ठासायची. दारू किती आणि चिंधी कसली, यावर सगळा नेम. सावळारामला ते ठाऊक होतं, पण तो याच बंदुकीनं गेला. शिकारीत तो करवंदीच्या जाळीत शिरून जनावर बाहेर काढायला हाका घालत होता. त्याचा चुलतभाऊ जिव्या बंदूक घेऊन बाहेर बसला होता. भेकर निघालं, जिव्यानं बार काढला आणि गोळी डावीकडे फाकली. जिव्यानं रडत रडत असं सांगितलं. गावानं ते ऐकलं आणि गावातच ठेवलं.

आता सावळाराम जेवत नव्हता.

मेलेल्याला बोलावून जेवू घालायचं, म्हणजे दिस करायचा. त्याचा दिस केला तेव्हा तो भगताच्या अंगात आला खरा, पण त्यानं पानावरचा भात उलथून टाकला. "भेकर पायजे," भगत सावळारामच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला. "माज्या बंदुकीचं. देवकीच्या हातचं." दिस पुरा झाल्याशिवाय तो ना इथला, ना तिथला. भर दुपारी देवकी घराला कडी घालून निघाली, की आत कुणीतरी खोकायचं.

दिसाची घाई जिव्यालाही होती. सामाईक जमीन गोदामासाठी मागायला माणसं येत होती. सावळारामनं अखेरपर्यंत सही दिली नव्हती. "एकदा दादाला वाटेला लावू," जिव्या म्हणायचा, "मग तुज्या सहीचं बघू."

म्हणून दोघं सकाळी टेकडीवर यायची. दारू कमी घातली की गोळी खाली पडायची, वाढवली की भलतीकडेच जायची. चिंध्या देवकी भिवंडीहून आणायची. तिथं ती अब्दुर्रहमान सेठच्या लूमवर झाडलोट करत होती.

"देवकीबाई, इतनी चिंदी का क्या करती हो?" सेठनं एकदा हसत विचारलं.

"गोधडी शिवते सेठ. नवऱ्याला."

सेठ हसता हसता थांबला. त्यानंतर त्यानं विचारलं नाही.

एक भेकर रोज जाळीच्या तोंडाशी येऊन त्यांच्याकडे बघत राहायचं. बार झाला तरी बिचकायचं नाही. देवकीनं नळी तिकडे वळवली, की तेवढ्यापुरतं आत सरकायचं.

"हे पळत का न्हाय?" जिव्या दबक्या आवाजात म्हणायचा.

त्या सकाळी जिव्याच्या हातूनही ठिपका चुकला, तेव्हा देवकी खदखदून हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"जिव्या, तू कोंबड्याच मार रे. त्या पण पाय बांधलेल्या. मी बाईमाणूस, पण खोडाला तरी लावते. आज पाणवठ्यावर सांगते बायकांना, आमच्या शिकाऱ्याला डोळाच न्हाय."

"वयनी, गप."

"का? खोटं हाय? तुज्या दादानं तुला नुसतं ओझं उचलायलाच न्यायचा वाटतं."

जिव्याचे कान तापले. त्यानं कमरेची पिशवी सोडली. आतून वेळूचं बोटभर माप निघालं आणि मेण लावलेली जाड चिंधी. त्यानं माप भरून दारू ओतली, शिगेला आलेली बोटानं सारखी केली, चिंधीतली गोळी एका दमात ठासली, घोड्याखाली बाराची टोपी बसवली आणि फारसा न थांबता बार काढला.

खोडावर चुना उरला नाही. त्यानं पुन्हा भरली. दुसरी गोळी पहिलीच्याच भोकात गेली.

"आता बोल!" जिव्या म्हणाला.

देवकीनं खोडाजवळ जाऊन भोकात बोट घातलं.

"अशी भरायची व्हय?"

"अशीच. दादा न् मी दुसरी कवा भरलीच न्हाय."

"कवाच?"

"कवाच न्हाय," तो फुशारकीनं म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

"बरं झालं," देवकी म्हणाली. "आता दिस पुरा व्हईल. ते माप माज्याकडं दे. भरायची पण मीच, माज्या हातानं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं जाळीशी आली. भगताला सांगून ठेवलं होतं, घरी तांदूळ निवडून ठेवले होते. जिव्या खालच्या अंगानं आत शिरला आणि काठीनं झुडपं झोडपत हाका घालू लागला. देवकी वरच्या तोंडाशी कातळाला टेकून बसली. दारू तिनं मापानं घातली, चिंधी मेणाची घेतली.

भेकर लगेच बाहेर आलं. ते धावत नव्हतं. उघड्यावर येऊन आडवं उभं राहिलं, एवढं जवळ की त्याच्या पापण्या दिसाव्यात. चुकायला जागाच नव्हती. देवकीची नळी जाळीवरच होती. भेकर चालत तिच्यापाशी आलं, वळलं आणि तिच्या खांद्याशी उभं राहून तिच्यासारखंच जाळीकडे बघू लागलं. त्याचा श्वास तिच्या मानेवर येत होता.

"निघालं का गं, वयनी?" आतून जिव्या ओरडला.

"न्हाय अजून," देवकी म्हणाली आणि तिनं घोडा चढवला. "तू ये तसाच सरळ."