नाव कमी करा

रसिकाच्या नावापुढचं लाल बटण मेघनानेच तिथे आणून ठेवलं होतं. आधी ते कंपन्यांच्या एचआर सॉफ्टवेअरच्या मेनूत कुठेतरी खोल आत दडलेलं असायचं. लोकांना सापडायचं नाही, मग ते एचआरला फोन करून डोकं खायचे. मेघनाने सगळ्या मेनूची फेरमांडणी केली. आता 'माझं कुटुंब' उघडलं की घरातल्यांची नावं एकाखाली एक, आणि प्रत्येक नावापुढे बटण: 'नाव कमी करा'. शोधायला नको, कुणाला विचारायला नको.

नौपाड्यातल्या तिच्या ऑफिसात सगळे या पानावर खूश होते. माणूस पानावर रेंगाळला की सॉफ्टवेअरवाल्यांना कोण आनंद होतो. तो का रेंगाळला, हे विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. मेघनाच्या आलं. तिने आकडे उलगडून पाहिले, तर डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यातला एक माणूस रोज जेवणाच्या सुट्टीनंतर हे पान उघडत होता आणि काहीच न बदलता बंद करत होता. म्हणून आज ती त्याच्या स्टोअरमध्ये, त्याच्या शेजारी स्टुलावर बसली होती.

दौलत सकपाळ स्टोअरकीपर होते. पन्नाशी उलटलेली, शर्टाला इस्त्री, कॉलरचं बटण मात्र तुटलेलं. त्यांनी तिला पाणी दिलं, पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलं, आणि पान उघडलं.

"काका, काही अडतंय का यात? बटण सापडत नाही का?"

"सापडतं की. समोरच तर आहे."

"मग?"

त्यांनी बटण दाबून दाखवलं. छोटी चौकट आली. 'तुम्हाला नक्की हे नाव कमी करायचं आहे का?' खाली 'हो' आणि 'नाही'. दौलतनी 'नाही' दाबलं.

"हे असं विचारतं," ते म्हणाले. "मग मी नाही म्हणतो."

मेघनाने नाव वाचलं. रसिका दौलत सकपाळ. नातं: पत्नी. ती विचारायला बरंच काही लिहून घेऊन आली होती. त्यातलं काही विचारावंसं वाटेना.

"कधी झालं काका?"

"गणपतीनंतर." मग ते म्हणाले, "रेशनकार्डावरचं नाव तिथल्या बाईंनी कमी केलं. बँकेत एक मुलगा होता, त्याने केलं. गॅसला मेव्हणा गेलेला. मी आपला उभा होतो नुसता. इथे माझं मलाच करायला लावलंय."

तक्रारीचा सूर नव्हता. माल अजून आलेला नाही, हे वरच्यांना कळवावं, तसं ते सांगत होते.

"आज एचआरने शेवटचा दिवस दिलाय," ते म्हणाले. "हे केल्याशिवाय आमची नवीन मेडिक्लेम कार्डं निघणार नाहीत. पोरीचं टॉन्सिलचं ऑपरेशन आहे बुधवारी. श्रियाचं."

"मग आज करावंच लागेल."

"हो ना. म्हणून तर सकाळपासून उघडतोय आणि बंद करतोय."

बाहेर कुणीतरी रंगाचे डबे उतरवत होतं. थिनरचा वास दारातून आत येत होता. दौलतनी माउस हळूच तिच्याकडे सरकवला.

"तुम्ही करा ना मॅडम. तुम्हीच बनवलंय ना हे."

दुसऱ्याच्या खात्याला हात लावायचा नाही, असा नियम होता. मेघनाने माउस घेतला. त्यांच्या हाताने तो गरम झाला होता. तिला फार वाईट वाटलं. याच बटणासाठी मागच्या आठवड्यात सरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं होतं, आणि ते तिला आवडलंही होतं.

तिने बटण दाबलं. चौकटीने विचारलं. ते वाक्य तिनेच लिहिलं होतं, चहा पिता पिता, चुकून कुणाचं नाव उडू नये म्हणून. एवढं साधं वाक्य, पण आता ते तिलाही पुन्हा वाचावं लागलं. तिने 'हो' दाबलं.

रसिकाचं नाव गेलं. खालचं श्रियाचं नाव सरकून त्या जागी आलं.

"झालं?"

"झालं काका. कार्डं येतील आता."

त्यांनी मान हलवली.

तेवढ्यात स्क्रीन उजळली. वरून लाल, पिवळे, हिरवे कागदाचे तुकडे पडायला लागले. मधोमध मोठी अक्षरं आली: 'अभिनंदन, दौलत! तुमची सगळी माहिती आता पूर्ण आहे.' माणसांना सॉफ्टवेअरचा कंटाळा येऊ नये म्हणून मेघनाच्या ऑफिसनेच ही सोय केली होती.

मेघना घाईघाईने ते बंद करायला गेली. कोपऱ्यात फुली नव्हती. कुठेच नव्हती. कुणाला हे बंद करावंसं वाटेल, असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. ती इथे तिथे क्लिक करत राहिली. तुकडे पडतच होते.

"राहू द्या मॅडम," दौलत स्क्रीनकडे बघत म्हणाले. "थांबेल ते आपोआप."