अकरा पिढ्या

त्र्याऐंशी साली अमेरिकेतून जयपूरला धर्मप्रचारासाठी आलेल्या डॅनियलने सी-स्कीम वस्तीतल्या, नागनाथरावांच्या बँकेच्या क्वार्टरमध्ये आपल्या घराण्याची वंशावळ उलगडली, तेव्हा ते मिशीतल्या मिशीत हसले. जेमतेम सात पिढ्या! आणि तेवढ्यासाठी हे पोरगं भर उन्हात टाय लावून दारोदार फिरतंय!

"आमच्या धर्मात घरची माणसं मेल्यावरही एकमेकांना भेटतात," डॅनियल मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला. "म्हणून सगळ्यांची नावं जपून ठेवायची."

"तू आम्हाला शिकवणार होय रे?" म्हणत नागनाथरावांनी गोत्र, कुलदैवत आणि अकरा पिढ्या एका दमात म्हणून दाखवल्या. डॅनियलने बिचाऱ्याने सगळं उतरवून घेतलं. मग नागनाथरावांच्या नावाशेजारी पेन टेकवून त्याने विचारलं, "पत्नी?"

"मधुमती."

"हे जन्माचं नाव?"

"छे! हे मी ठेवलं. लग्नात, ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून."

"आमच्या तक्त्यात बाईचं जन्माचं नाव लिहितात."

सव्वीस वर्षांत त्या नावाची नागनाथरावांना कधी गरजच पडली नव्हती. शेवटी स्वयंपाकघराकडे मान वळवून ते ओरडले, "अगं, लग्नाआधी तुझं नाव काय होतं गं?"

आत कपबशांचा आवाज थांबला.



"शोधा की, तुमच्या त्या अकरा पिढ्यांत!"