सूचना क्रमांक चार

"तीन सूचना लावल्यात, अनुजा मॅडम, आणि सोमवारपासून आठाला यायचं हे एकालाही ठाऊक नाही!" गुरुदासशेट पूजेच्या चौरंगाशीच कडाडले. "माणसांशी बोलायला पगारी माणूस हवाच कशाला? सोमवारी आठाला गेट भरलं नाही, तर तुमचं ते अंतर्गत संवाद खातं बंद. तुम्हीही घरी."

खातं म्हणजे तरी काय! काजू कारखान्याच्या जिन्याखाली एक टेबल, एक खुर्ची आणि एकटी अनुजा. वाढदिवसाची कार्डं तिने करायची, रांगोळी तिने काढायची, आणि कुठे काही बिनसलं की बोलणीही तिनेच खायची. पहिल्या सूचनेत कुणीतरी भजी बांधून नेली. दुसरी वाऱ्याने गेली. तिसरीवर सही करताना खुद्द शेटनीही ती वाचली नव्हती, पण हे बोलायची सोय नव्हती.

रडू गिळून ती वॉचमन गंगारामकडे गेली. कारखान्याच्या पूजेला दरवर्षी गाऱ्हाणं तोच घालायचा. त्याने देवाला साकडं घालायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तिने चौथ्या सूचनेचा कागद पुढे केला.

"कागद नको गो बाय. तोंडान सांग."

तिने सांगितलं. मग राहवलं नाही, सगळंच सांगितलं.

आरती झाली. दीडशे माणसं हात जोडून उभी राहिली. गंगारामने आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! सोमवारपासून कारखानो आठाक सुरू होतलो. सगळ्यांका येळेर येवची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पत्रे हादरले. काजू सोलणाऱ्या तुळसाने शेजारणीला ढोसलं, "आठाक? माका कोणी सांगूक नाय तां!"

"आनि आमच्या ह्या अनुजाक घराक धाडूचा, असा कोणाच्या मनात इला असात, तर तां मन फिरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज शेटचा. डोळे मिटलेले, हात जोडलेले. लहानपणापासूनची सवय, तोंडातून निघून गेलं. डोळे उघडले तेव्हा दीडशे माणसं त्यांच्याकडेच बघत होती. अनुजाला हसावं की रडावं कळेना.

शेट खाकरले. "हे... हे काही लेखी नाही हां."

गंगारामने नारळ फोडला.

"शेटनू, लेखी हयसर वाचता कोण?"