तीन अभिप्रायांची अट

कृष्णनगरच्या शेफालीनं बंगाली कथांच्या साइटवर स्पर्धेसाठी तेविसावी कथा टाकली. गोष्ट दर वेळी तीच. आईनं मुलीला घराबाहेर काढलेलं असतं आणि आता ती माफी मागत असते.

"अगं, एकदा तरी नंबर आलाय का?" चुरमुरे चावत नवऱ्यानं टोमणा मारला.

"चुलीत गेला नंबर. भाग घेणाऱ्याला इतरांच्या तीन कथांवर अभिप्राय द्यावाच लागतो. आपली पोर झुमुर तिथंच लिहिते म्हणे, कुठल्या टोपणनावानं देव जाणे. कधीतरी माझी कथा येईल तिच्या वाट्याला."

आठवड्यानं 'जलपिपी' नावाच्या कुणाचा तरी अभिप्राय आला. "आई पटली नाही. तिनं मुलीला पायात चप्पलसुद्धा घालू दिली नव्हती."

चपलेचं शेफालीनं तेवीसपैकी एकाही कथेत लिहिलं नव्हतं.