दहा हजार पावलं

"आठ हजार नऊशे," लेक फोनच्या पडद्याकडे बघत म्हणाली. "बाबा, अजून अकराशे बाकी आहेत."

"अगं, संध्याकाळ जायचीय की अजून," पलीकडून बाबा म्हणाले. "तू शाळेत शिकवतेस ना? मग ही फौजदारकी कधीपासून?"

लेक हसली. पण पहारा होताच, आणि का होता ते बाबांनाही ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी काका ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. ना छातीत कळ, ना घाम, ना धाप. वय बावन्न. बाबा त्यांचेच सख्खे भाऊ. तसंच सुटलेलं पोट, तशीच सिगरेट, तसाच टीव्हीसमोरचा मुक्काम. तपासणीचं नाव काढलं की म्हणायचे, "मला काय धाड भरलीय?" लेकीची नोकरी दुसऱ्या शहरात, रोज समोर उभं राहून यांना हलवणार कोण?

म्हणून तिने ते घड्याळ आणून दिलं. पावलं मोजणारं, ठोके मोजणारं आणि सगळं तिच्या फोनवर दाखवणारं.

"तुलाही आणू का गं?" तिने तेव्हा आईला विचारलं होतं.

"मला कशाला? माझ्या पायाला भिंगरीच आहे." आई अंगाने काडीसारखी. ती कधी आजारी पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

आणि बाबांनी चक्क कमाल केली. पावलं पहाटे पाचलाच सुरू व्हायची. दुपारी वामकुक्षीच्या वेळीही थांबायची नाहीत. फोनवर बोलता बोलता आकडा पुढे सरकताना तिने पाहिला होता. मागे टीव्ही चालू असायचा, पण माणूस घरातल्या घरात फेऱ्या मारत असेल तर बिघडलं कुठे? "हल्ली एका जागी टिकत नाहीत ते," असं आईही सांगायची. जन्माचा आळशी माणूस आपल्या शब्दाखातर हलला, या विचाराने लेकीला भरून यायचं.

त्या शनिवारी सकाळी फोन कर्कश वाजला. बाबांच्या ठोक्यांचा ताल पार बिघडला होता. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा, असं पडद्यावर आलं.

"मी ठणठणीत आहे गं," बाबा म्हणाले.

"काकाही ठणठणीतच होते." तिने गाडी काढली, दोन तासांत घर गाठलं आणि बाबांना घेऊन थेट दवाखान्यात निघाली. आई पाण्याची बाटली घेऊन सोबत आली, अंगात तोच नेहमीचा लांब बाह्यांचा स्वेटर. "यंत्रं काय, काहीही सांगतात," एवढंच बाबा वाटेत एकदा पुटपुटले.

आई बाहेर बाकावर बसली. आत डॉक्टरांनी बाबांच्या छातीवर तारा लावल्या, कागदाची पट्टी काढली, दोनदा वाचली.

"सिगरेट सोडा, पोट उतरवा. पण ठोके एकदम नियमित आहेत. घाबरण्यासारखं आज काही नाही."

लेकीने डोळे पुसले. "म्हणजे घड्याळच बिघडलंय. द्या बघू इकडे, बाबा."

बाबांनी मान खाली घातली. त्यांची दोन्ही मनगटं मोकळी होती.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन पुन्हा कर्कश वाजला. तिने वर पाहिलं. उघड्या दारातून बाक दिसत होता, आणि आई घाईघाईने स्वेटरची बाही मनगटावर ओढून घेत होती.